बाहुल्यांच्या झोपेची वेळ

पालक मेळाव्याचा विषय ‘निरोगी सवयी’ असा ठरला आणि त्याच दिवशी बालवाडीतल्या लहान गटाची दुपारची झोप बंद झाली. तालमीला दुसरी वेळ नव्हती.

विषय संचालकांनी निवडला होता. कल्पना मात्र त्यांची नव्हती. एका दुपारी ते वर्गावरून जाताना दारात थांबले होते. आत मुलं घोळका करून बसली होती आणि मोज्यांच्या बाहुल्यांचे हात धूत होती.

या बाहुल्या वर्गाच्या ताईंनी मुलांकडूनच करून घेतल्या होत्या. जोडी हरवलेला एक मोजा घरून पाठवा, असा निरोप त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला दिला. अशा मोज्यांची कुठल्याच घरात वानवा नसते. मुलांनी त्यांत चिंध्या कोंबल्या, गळ्याशी दोरा आवळला, कापडी हात चिकटवले आणि दोन्ही बाजूंना चेहरे काढले. एका बाजूला उघडे डोळे, दुसऱ्या बाजूला मिटलेले. दात ज्याने त्याने आपल्या मनाने काढले. एका बाहुलीला तर कपाळापर्यंत दात होते. प्रत्येकीला झोपायला बुटांचा रिकामा खोका.

नियम थोडे होते, पण कडक होते. जेवणानंतर हात धुतल्याशिवाय बाहुली झोपत नाही. दातांत घास अडकलेला असेल तर झोपत नाही. घाणेरड्या हातांनी धुतलेलं तिला चालत नाही. आणि तिच्या माणसाने डोळे मिटल्याशिवाय तीही मिटत नाही. ताई कुणालाच ‘झोप’ म्हणत नसत. बाहुलीला झोपव, एवढंच सांगत. मुलं आधी आपले हात धूत, मग तिचे. आपले दात घासत, मग तिचे. शेवटी बाहुली मिटलेल्या डोळ्यांच्या बाजूने उलटी करत आणि स्वतः गादीवर आडवी होत. थोड्या वेळाने वर्गात फक्त पंख्याचा आवाज उरे.

“बाई, हे स्टेजवर पाहिजे!” संचालक म्हणाले होते.

स्टेजवर आणायचं म्हटल्यावर त्यांना बाहुल्या बारीक वाटल्या. मागच्या रांगेला काय दिसणार? त्यांनी बाजारातून पुठ्ठ्याचे पोशाख आणले. कुणी साबण झालं, कुणी टॉवेल, कुणी कंगवा, गाजर, पाण्याचा ग्लास. गाणं संचालकांनी स्वतः लिहिलं. पोशाख घातला की मुलांना बसता येत नसे, त्यामुळे रोज जेवण झालं की सगळा वर्ग हॉलमध्ये उभा राहून गात असे. गाद्या सामानाच्या खोलीत दोरीने बांधून ठेवल्या गेल्या.

उशीचा पोशाख वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलीला मिळाला. ती प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेई, म्हणून सांभाळायला असलेल्या मावशी तिला वकीलबाई म्हणत. तिचं वाक्य होतं, “मी आहे झोप, मला रोज घ्या.” तालमीत दोनदा ते म्हणतानाच ती रडायला लागली.

“ताई, मी झोप आहे ना?” तिसऱ्या वेळी तिने विचारलं. “मग मला कुणी झोपू का देत नाही?”

ताईंनी तिचे डोळे पुसले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मुलं ‘हात धुवा, हात धुवा’ हे कडवं चुकूनही चुकत नव्हती, पण जेवून उठल्यावर नळाकडे कुणी फिरकत नव्हतं. वकीलबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बाहुली झोपणारच नाहीये. मग कशाला धुवायचे?”

युक्तिवाद बिनतोड होता. ताई तडक संचालकांच्या केबिनमध्ये गेल्या.

जेवणानंतर संचालक केबिनचं दार धाडकन लावून घेत. शाळेत याला ‘सरांचं चिंतन’ म्हणत. चिंतन रंगात आलं की त्याचा आवाज जिन्यापर्यंत येई. त्या दिवशी दार लागायच्या आत ताई आत शिरल्या.

“सर, तालीम बंद करा, नाहीतर सकाळी घ्या.”

“सकाळी इंग्रजी असतं.”

“काल साबण टॉवेलला चावला. आज ग्लासाने उभ्या उभ्या चड्डी ओली केली.”

“ग्लासच तो. सांडायचाच.” संचालक आपल्या विनोदावर हसले.

“माझ्या वर्गात आता कुणी आपणहून हात धूत नाही, सर. आणि गाणं हात धुण्याचं आहे.”

“मग सांगा धुवायला. तुम्हाला कशासाठी ठेवलंय?”

“सांगून धुतलेले हात सांगणारा असेपर्यंतच स्वच्छ असतात.”

“बाई,” संचालकांनी खुर्ची पुढे ओढली, “आता स्पष्टच बोलतो. झोपेसाठी कुणी मुलांना शाळेत घालत नाही. झोप घरी फुकट मिळते. मेळावा झाला की या तासाला लेखन सुरू करतोय. पालकांचीच मागणी आहे. तुमच्या त्या वकीलबाईच्या वडिलांनी फाटकापाशी चारचौघांत विचारलं, शेजारची पोरगी पाटीभर आकडे लिहिते, आमची नुसती मोज्यांशी का खेळते? काय सांगू त्यांना?”

“दुपारी जेवल्यावर झोप येते, असं सांगा. तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार?”

“म्हणजे?”

“चिंतन जिन्यापर्यंत ऐकू येतं, सर.”

संचालकांचे कान लाल झाले. “कार्यक्रम नीट बसवा. झेपत नसेल तर सांगा, दुसऱ्या बाई आणतो.”

“कार्यक्रम होईल. पण तुम्ही वेळ नेमकी झोपेची धरली आहे. मी मुलांना स्टेजवर झोपवणार. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून फसवलं म्हणू नका.”

“झोपवा ना!” संचालक आता मनापासून हसले. “टाळ्यांच्या कडकडाटात कोण झोपतं ते मीही बघतो.”

दार धाडकन लागलं.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला. बरेच पालक कामावरून जेवणाच्या सुट्टीत आले होते आणि घड्याळाकडे बघत होते. वकीलबाईचे वडील बस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ते कामाच्या कपड्यांतच येऊन पुढच्या रांगेत बसले.

सामानाच्या खोलीत ताई गाद्यांची दोरी सोडत होत्या.

“ताई, नोकरी गेली तर?” मावशींनी विचारलं.

“गेली तर गेली. दुसरी बघेन.”

“तुमची नाही हो, माझी विचारतेय.”

ताई थांबल्या. “तुम्ही नका येऊ मग. मी एकटी नेते.”

“एकट्या नेताय! दारात अडकाल. धरा ते टोक.”

संचालकांचं भाषण संपलं. साबण, टॉवेल, कंगवा, गाजर असे सगळे स्टेजवर ओळीने आले. हॉलभर मोबाइल उंचावले गेले. तेवढ्यात बाजूने ताई आणि मावशी गाद्यांची वळकटी ओढत आल्या. ताईंनी साबणासमोर गुडघे टेकले आणि त्याला हात वर करायला सांगून पुठ्ठा डोक्यावरून काढला. मग टॉवेलचा, मग गाजराचा. सगळे पुठ्ठे भिंतीला टेकून उभे राहिले आणि मुलं साध्या कपड्यांत उरली. मावशींनी गाद्या पसरल्या, खोके मांडले, पाण्याची घमेली आणली. ताईंनी माइकची पिन काढली.

“ही आमची झोपेची वेळ आहे,” त्या पालकांना म्हणाल्या. “निरोगी सवयी बघायला आलात, तर आम्ही रोज काय करायचो ते बघा. आज अवघड जाईल, कारण तुम्ही बसला आहात. मोबाइल बंद करा. बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला.”

काहींना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. ते हसले.

बाहुल्या बघून मुलांना हायसं वाटलं. हात धुणं झालं, दात घासणं झालं. पुढे मात्र गाडी अडली. गाजर गादीवर उभं राहून आईला हात हलवत राहिलं. ग्लासाला शू लागली. कंगवा आणि टॉवेल एकमेकांना गुदगुल्या करून खिदळायला लागले. खुर्च्या कुरकुरल्या.

“आम्हाला काय झोपा बघायला बोलावलंय का?” मागून एक गृहस्थ म्हणाले.

“बाई, गाणं घ्या! गाणं!” कडेला उभे असलेले संचालक दात-ओठ खात कुजबुजले.

ताईंनी मान वळवली नाही. त्या गाजराच्या गादीशी बसल्या आणि त्याची बाहुली उलटी केली. गाजराने ती पुन्हा सुलटी केली. आता हे फसणार, असं हॉलमधल्या बहुतेकांना वाटलं. ताईंनाही वाटलं. त्यांनी बाहुली पुन्हा उलटी केली.

“ताई,” वकीलबाईने बोट वर केलं, “माझी बाहुली झोपत नाहीये. तिला तिथला एक माणूस दिसतोय.”

“कुठला?”

“बाबा. त्यांचे डोळे उघडेच आहेत. नियम सगळ्यांना असतो ना?”

हॉल हसला. मेकॅनिक ओशाळून उठले, पायऱ्या चढले आणि मुलीच्या गादीशी उकिडवे बसले. तिने त्यांचे हात उलटेपालटे करून बघितले.

“शी! काळे आहेत.”

“कामावरून आलोय ग बाळा. ऑइल आहे ते, लगेच नाही निघत.”

“अशा हातांनी ती नाही झोपत. ताईला विचारा.”

मेकॅनिकनी ताईंकडे बघितलं. ताईंनी घमेलं पुढे सरकवलं.

भरल्या हॉलसमोर ते हात धुवायला बसले. पहिल्या पाण्याने काही झालं नाही. मुलीने साबण लावून दिला. “बोटांच्या मधे. नखं पण. बाहुली बघतेय.” घमेल्यातलं पाणी काळं झालं. मावशींनी दुसरं आणलं. तोवर हॉलमधलं हसू थांबलं होतं. मुलंही खिदळायची थांबली होती. एवढा मोठा माणूस नियम पाळतो की नाही, हे सगळ्यांना बघायचं होतं. हात पुसून झाले. वकीलबाईने पुन्हा तपासणी केली, बाहुली उलटी केली आणि बाबांचं एक बोट मुठीत धरून आडवी झाली.

“डोळे,” ती म्हणाली.

मेकॅनिकनी डोळे मिटले.

आधी ग्लास झोपला. मग टॉवेल. कंगवा टॉवेलच्या अंगावर पाय टाकून झोपला. गाजर बसल्या बसल्या कलंडलं, ताईंनी त्याला सरळ केलं. कितीतरी दिवसांची राहिलेली झोप होती. एकदा यायला लागल्यावर ती कुणाला विचारत बसली नाही.

मेकॅनिकच्या खिशात फोन वाजला. सुट्टी संपली होती, साहेबांचाच असणार. फोन उजव्या खिशात होता आणि उजव्या हाताचं बोट मुलीच्या मुठीत. त्यांनी डावा हात कसाबसा आडवा वळवला, चाचपून फोन बंद केला आणि तिथेच बसून राहिले.

संचालक स्टेजच्या मधोमध आले. “तर मंडळी, आता आपण बक्षीस...”

“श्श!” मेकॅनिक म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

मग गाजराची आई म्हणाली, “श्श!” मग आणखी तीन-चार जण. संचालक तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि मग टाचा उचलत कडेला गेले. काही पालक तडकून निघूनही गेले. पण जाताना चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या.

मुलं उठल्यावर मेकॅनिक ताईंपाशी आले. बोट चोळत होते.

“टीचर, लेखनाचं मीच म्हणालो होतो.”

“माहीत आहे.”

“अजूनही म्हणतो. लिहिता आलंच पाहिजे.” त्यांनी फोन चालू केला. “सकाळी घ्या.”

संचालक ताईंना गाठायला जिन्यात उभेच होते. पालक उतरत होते तरी त्यांनी आवाज चढवला. “उद्यापासून गाद्या कुलपात! आणि तुम्ही येऊ नका!”

“गाद्या तुमच्या आहेत, कुलपात ठेवा,” ताई म्हणाल्या. “मी येणार आहे. मुलांसमोर हाकलायचं असेल तर हाकला.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. सामानाच्या खोलीला नवंकोरं कुलूप होतं. दोन मुलं आली नव्हती. त्यांचे पालक दुसरी शाळा बघतायत, असं मावशींनी सांगितलं. जेवणं झाली आणि मुलं न सांगता नळाकडे गेली. मग दप्तरं उघडली गेली. कुणाच्या दप्तरात चादर निघाली, कुणाच्या टॉवेल, कुणाच्या आईचं जुनं पांघरूण. काहींच्या दप्तरांतून काहीच निघालं नाही. वकीलबाईने वडिलांचं वर्कशॉपचं जॅकेट आणलं होतं. धुतलेलं होतं, तरी ऑइलचा वास येत होता.

“माझी बाहुली म्हणाली चालेल,” तिने जाहीर केलं. “आणि साबणाकडे काही नाहीये, तो माझ्या जॅकेटवर झोपणार. पण चावायचं नाही.”

सगळं फरशीवर पसरून झालं तेव्हा संचालक दारात आले.

“बाई, हे संपलेलं नाही.”

“माहीत आहे, सर,” ताई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर गाजराचं डोकं होतं. “हळू बोला.”

बोलण्यासारखं संचालकांकडे बरंच होतं, पण ते सगळं मोठ्या आवाजात बोलायचं होतं. ते वळले. पावलं जिन्यावरून वर गेली.

मग केबिनचं दार लागलं. या वेळी धाडकन नाही. हळूच.