तबकडीतली मोकळी जागा

मित्रांनो, मी नॅशव्हिलमध्ये जन्मलेली एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल आणि मधोमध भोक असलेली. माझ्या पोटात ओर्लीना स्लोनची दहा गाणी आहेत. माझी चार लाख भावंडं खपली. त्यातल्या एकाला सोन्याचा मुलामा देऊन काचेमागे टांगलं आहे. मान मोठा, पण त्याला कोणी वाजवत नाही.

माझ्या नऊ गाण्यांत गिटार, फिडल असा सगळा सरंजाम आहे. दहावं नुसत्या गळ्याचं. ते ओर्लीनाने आपल्या वडिलांसाठी केलं होतं. वडील, म्हणजे ब्रदर हायरम, केंटकीच्या डोंगरातले धर्मोपदेशक. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. एकाने ओळ सांगायची, मग बाकीच्यांनी ती लांबवून म्हणायची. मुलगी बाजेवाल्यांत गेली तेव्हा "तुझी गाणी या उंबऱ्याच्या आत नकोत," एवढंच ते बोलले, आणि मग कित्येक वर्षं काही बोललेच नाहीत. निदान हे एक गाणं त्यांनी ऐकावं, अशी तिची आस होती. म्हणून ती एक ओळ गायची आणि पुढे ओळभर गप्प राहायची.

"बाई, हे काय?" निर्माते फेल्प्ससाहेब स्टुडिओच्या काचेपलीकडून ओरडले. "मधेमधे सगळं ठप्प! रेडिओवाल्यांना वाटेल, मशीन बिघडलं."

"ती जागा डॅडींची आहे. ते म्हणतील."

"त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे?"

"नाही."

"वा! म्हणजे सगळा विचार झालेला दिसतोय. तिथे व्हायोलिनं भरू."

ओर्लीनाने कोट चढवला. "भरा. उरलेली नऊही व्हायोलिनांकडूनच गाऊन घ्या."

जागा मोकळी राहिली.

बाजारात माझं स्वागत तक्रारींनी झालं. "शेवटचं गाणं अडकतं," म्हणून लोक मला परत करू लागले. डोंगराकडच्यांना मात्र काही सांगावं लागलं नाही. खाणीतून परतणारे गडी ट्रकमध्ये, बाया भांडी घासताना त्या जागेत ओळ म्हणू लागल्या. बघता बघता हे लोण टेक्सासपर्यंत गेलं. नॅशव्हिलच्या मोठ्या सभागृहात ओर्लीना ओळ सांगून थांबली आणि सारं सभागृह उभं राहून गायलं. ती शांतता मुळात आपलीच कल्पना होती, असं फेल्प्ससाहेबांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला सांगितलं.

सगळ्यांनी म्हटलं. ज्यांच्यासाठी जागा सोडली, ते सोडून.

शेवटी ओर्लीनाचा भाऊ एस्टिल मला आणि एक प्लेअर घेऊन डोंगर चढला. प्लेअर त्याने ओसरीवर, उंबऱ्याच्या बरोब्बर बाहेर मांडला.

"आत आणला नाही, डॅडी. बघून घ्या."

"वकील झालास का रे?" ब्रदर हायरम आत वाळवणाच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुई टेकली. "डोंगर उतरून गेले मी, वाट अजून आठवते," ओर्लीनाने ओळ सांगितली आणि थांबली. मी नुसतीच फिरत राहिले. खरं सांगते, चार लाखांचा खप त्या क्षणी माझ्या काडीच्या कामाचा नव्हता.

"सूर फार वर लावलाय," आतून आवाज आला.

"मग खाली आणा की!" एस्टिल म्हणाला.

दुसरी ओळ झाली आणि म्हातारा गाऊ लागला. खर्जात, एकेक अक्षर दरीत सोडावं तसं लांबवत. इतकं लांबवत, की ते निम्म्यावर असतानाच मी तिसरी ओळ सुरू केली.

"थांब की गं पोरी!" ते माझ्यावर खेकसले.

एस्टिलने सुई मागे नेली. पुन्हा तेच. आणखी एकदा, तरी तेच. ब्रदर हायरमनी शेंगा खाली ठेवल्या, बाहेर आले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला थांबता येत नाही. तिला बोलाव."

शनिवारी ओर्लीना आली. दोघं ओसरीवर बसून गायली. तिने प्रत्येक ओळीला पाहिजे तितकं थांबून दाखवलं. त्या दिवसापासून त्या घरात मला कोणी वाजवलेलं नाही.

मित्रांनो, आम्हा तबकड्यांना उन्हात ठेवू नका, सुई अलगद टेकवा. पण गाणारं माणूस हाकेच्या अंतरावर असेल, तर आधी त्याला हाक मारा. मी इथे फडताळावर धूळ खात पडले आहे, आणि याहून मोठं यश मला ठाऊक नाही.