धुऱ्यावरची अंबाडी

"आदी चा तं पाजाचा होता, मंग काय आयकवाचं थे आयकवा," मागच्या रांगेतून माणिकबाई पुटपुटली. "अन् भांग पेरा मनते. मायी सासू असती तं झाडूचा फडा घेऊन उठली असती."

दुर्गाबाईंनी वळून पाहिलं नाही. ग्रामपंचायतीत त्यांना पुढं बसवलं होतं. सरपंचानं मुद्दाम बोलावणं धाडलं होतं.

अकोल्याहून आलेला कंपनीचा माणूस सांगत होता, ही धाग्याची भांग. नशा नावापुरती. कापड होतं, कागद होतो. सरकारची परवानगी अजून नाही, पण गावागावांतून मागणी गेली तर मिळेल.

"पानं कसे रायते हिचे?" जानरावांनी विचारलं.

"दिसायला गांजासारखीच."

"मंग पोलिसाले कसं समजन सायेब, कोनती कापडाची अन् कोनती चिलमीची?"

हशा पिकला. "तपासता येतं प्रयोगशाळेत," साहेब म्हणाला.

येतं तपासता. दुर्गाबाईंचे मालक, नत्थुजी, तपासूनच तर सुटले होते. वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, दरवर्षीसारखी अंबाडी होती. तिची बोटांसारखी फाटलेली पानं पाहून नव्या फौजदारानं ती गांजा म्हणून उपटली आणि नत्थुजींना जीपमध्ये घातलं. तपासणीत अंबाडीच निघाली. पण अटकेची बातमी मोटरसायकलवर बसून गावभर फिरली. सुटकेची पायी निघाली, ती अजून पोचायची आहे. नत्थुजी मरेस्तोवर 'गांजावाले'च राहिले. त्यांनी पारावर जाणं सोडलं, दुर्गाबाईंनी अंबाडी शिजवणं.

"काकू," सरपंच पंजाबराव गोड आवाजात म्हणाले, "थे कालव्याजवळचं वावर द्या आमाले. परवानगी आली का पयला प्लॉट तितंच. नाव होईन तुमचं."

"नाव तं झालं ना, बापू. गांजावाल्याचं वावर. आता त्याच वावरात गांजाचा भाऊ चालते होय?"

"जुनं काहून उकरता?"

"नाई उकरत. वावर देतो मी, फुकट देतो. फक्त कोनी इतं सगळ्यायपुढं सांगा, त्या दिशी धुऱ्यावर काय होतं."

कोणी मोबाइल काढला, कोणाला खोकला आला. साहेबाला काही कळेना.

"झाडायतलं आमाले काय समजते, काकू," पंजाबराव म्हणाले. "थे पोलिसायचं काम."

खोलीत साहेब सोडला तर सगळे शेतकरीच होते. या वेळी कोणी हसलं नाही. दुर्गाबाईंनी पदर सावरला आणि उठल्या.

"बसा वैनी." किसनराव भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांचं वावर धुऱ्याला लागून. त्या दिवशी फौजदारानं पंच म्हणून त्यांनाच उभं केलं होतं.

"मले इचारलं होतं त्यानं, हे काय होय मनून. मी मनलं, मले ठाऊक नाई. भेलो पोलिसाले." मग ते दुर्गाबाईंकडे नाही, सगळ्यांकडे पाहत म्हणाले,

"अंबाडी होती थे. त्याच दिशी सकाऊनच नत्थुजीच्या ताटात तिची भाजी खाऊन गेलतो मी."