काही विचारायचं असेल तर

आमची ही पियानो सुरात लावते आणि मी तिच्या हत्यारांची पिशवी उचलतो. संसाराचा सूर असाच लागला, बरा लागला. एकुलता मुलगा दूरदेशी गेला, तिथलाच झाला आणि देवाने त्याला तिथूनच उचललं. मागे नात राहिली. तिला पोर्तुगीजच येतं, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. फोनच्या पडद्यावर ती हात हलवते, आम्ही हात हलवतो, सगळे हसतो. मग पडदा काळा होतो.

यंदा नातीच्या संगीतशाळेने हिला पडद्यावरूनच व्याख्यान द्यायला बोलावलं. सोबतीला दुभाषी होती. तरी ही हट्टाला पेटली: शेवटचं वाक्य आपल्याच तोंडून म्हणायचं. काही विचारायचं असेल तर कृपा करून विचारा. सांगणार होती सगळ्या सभेला, पण वाट बघायची होती एकाच आवाजाची.

मग आठवडाभर स्वयंपाकघरात घोष. "स तिव्हेरेंय पर्गुंतश, फासांव फावोर."

"अगं, भाजीला कशाला विनवतेस?"

"तुम्ही ताटं पुसा! अहो, शेवटी आवाज खाली आला ना? मागितल्यासारखं वाटू दे, दरडावल्यासारखं नको."

देवापुढे हात जोडले तरी ओठांवर तेच. म्हटलं, चालू दे. त्याला सगळ्या भाषा येतात.

व्याख्यान झालं. कीर्तनाचा पूर्वरंग जमावा तसं जमलं. शेवटी हिने ते वाक्य म्हटलं, अगदी हात जोडून.

कुणीच बोलेना. नात मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेली. खुर्च्या करकरायला लागल्या. आमच्या शेजारी बसलेली दुभाषी कुजबुजली, "आजी, प्रश्न नसावेत. आवरतं घेऊ या?"

"पट्टी दाबली की सूर पुरता विझेपर्यंत दुसरी दाबायची नाही, पोरी. थांब."

ती थांबली. ही पडद्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, तर मागच्या रांगेत नात उभी राहिलेली. हळू आवाजात काहीतरी बोलली आणि थांबली. आमच्या पोराचीच बोलायची ढब, वाक्य संपताना श्वास आत ओढायची.

दुभाषीने तोंड उघडलं. हिने हात वर केला. "लगेच नको. विझू दे."

आम्ही दोघं ऐकत राहिलो, ऐकायला काही उरलं नव्हतं तरी.

"हं. आता सांग."

"ती विचारते, तुम्ही काम करत असताना बाबा लहानपणी पियानोखाली झोपायचे, हे खरं का?"

हिने माझ्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली आणि पडद्यासमोर धरली. "हो गं. हिचीच उशी करून."

दुभाषीने ते तिकडे पोचवलं. नात तोंडावर हात ठेवून हसली, मग नुसतीच बघत राहिली. बसली मात्र नाही.

ही पुढे वाकली. आपल्याजवळ होतं नव्हतं तेवढं पोर्तुगीज पुन्हा एकदा नातीपुढे ठेवलं:

"स तिव्हेरेंय पर्गुंतश, फासांव फावोर."