चौथ्या फळीवरचे नाताळचे मग

या महिन्यात कामावर काय केलेत? (दोनशे शब्दांपर्यंत)

'कारखान्याच्या गोदामात मालाची मोजणी तपासली,' एवढं लोरेन टनिक्लिफने टाइप केलं आणि बोटं थबकली. पाच शब्द झाले होते. उरलेले एकशे पंच्याण्णव तिला चांगले ठाऊक होते, पण ते विद्यापीठाच्या फॉर्मात लिहिण्याजोगे नव्हते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ती अप्रेंटिस झाली होती. त्याआधी सोळा वर्षं इंग्लंडातल्या स्टोकच्या एका शाळेत तिने पोरांना जेवण वाढलं. आता आठवड्याचे चार दिवस हिशेब तपासनिसांच्या ऑफिसात, एक दिवस विद्यापीठात आणि चार वर्षांनी पदवी. फी ऑफिसची, वर पगार. वर्गातली अठरा वर्षांची पोरं तिला 'मम', म्हणजे आई, म्हणून चिडवत आणि परीक्षा आली की तिच्याच वह्या मागून नेत. अट एवढीच, की दर सहा महिन्यांच्या कामावर वरिष्ठाची सही हवी. सही नाही तर जागा नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगा.

हे तिने कोरंच सोडलं. प्रसंग असा होता.

मार्चअखेरीला ऑल्डक्रॉफ्टच्या चिनीमातीच्या कारखान्यात मालाची मोजणी होती. मोजायचं काम कारखान्याच्या माणसांचं. तपासनिसाने तिथे उभं राहून बघायचं, यादीतल्या काही ओळी निवडून स्वतः पुन्हा मोजायच्या आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करून खाली सही करायची. गोदाम सांभाळणारा टेरी स्टॅनवे तिच्या ओळखीचा निघाला. त्याच्या दोन्ही पोरांना तिने वर्षानुवर्षं वाढलं होतं.

"कस्टर्डवाल्या बाई," तो म्हणाला, "आता आमची भांडी मोजणार होय तुम्ही?"

त्याने चहा दिला, बिस्किटं दिली. लोरेनने अकरा ओळी खोकी उघडून, हात घालून मोजल्या. बारावी ओळ चौथ्या फळीवर होती, नाताळच्या मगांची बारा पॅलेट, लाकडी पाटांवर रचलेले खोक्यांचे ढीग. फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावलेली, शुक्रवारची संध्याकाळ, टेरीचा एक हात कोटाच्या बाहीत गेलेला. तो म्हणाला, पॅलेटवरच्या चिठ्ठ्या खालूनही वाचता येतात, प्रत्येकावर अठ्ठेचाळीस खोकी. कुणाला उगाच कामाला लावू नये, असं लोरेनला लहानपणापासून शिकवलेलं. तिने वर मान करून चिठ्ठ्या वाचल्या, गुणाकार केला, खूण केली. 'मी स्वतः मोजले. लो. ट.'

यातून आपल्यात कोणता बदल झाला?

बारा दिवस काहीच नाही. मग विद्यापीठाच्या दिवशी शिकवणाऱ्या बाई सहज सांगून गेल्या, की रिकामी खोकीसुद्धा भरलेल्या खोक्यांइतकीच नीट रचता येतात. वर्ग हसला. लोरेनच्या डब्यातला चीज घातलेला ओटकेक, ते ओटच्या पिठाचं धिरडं, त्या दिवशी तसाच घरी आला.

गप्प राहिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. सही मिळायला नऊ दिवस उरले होते.

वरिष्ठांशी चर्चा केली का? (हो / नाही)

हो.

तिची वरिष्ठ हॉली बॅगनल सत्तावीस वर्षांची होती. तिने सगळं ऐकून घेतलं, फाइल काढली, ते पान शोधलं. लोरेनच्या सहीखाली तिचीही सही होती, कागद पाहिल्याची.

"टेरी खोटं बोलतोय असं मला नाही वाटत," लोरेन म्हणाली.

"मलाही नाही वाटत. पण इथे टेरीबद्दल लिहिलेलंच नाहीये. 'मी स्वतः मोजले' असं लिहिलंय."

हॉलीने मोठ्या साहेबांना फोन लावला. काचेपलीकडून लोरेनला तुकडेच ऐकू आले. हो. आज लगेच जातो. नाही, माझीही चूक आहे, मी विचारायला हवं होतं. आपल्यापायी या पोरीची मान खाली गेली, हे लोरेनला जागा जाण्याहून जास्त लागलं.

पुरावा जोडा.

त्या बारा दिवसांत गोदामातून काय गेलं, काय आलं, त्याचे कागद टेरीने टेबलावर मांडले. चौथ्या फळीला कुणी हात लावलेला नव्हता. एप्रिलमध्ये नाताळचे मग कोण मागतो? या वेळी चहा नव्हता. "इतकी वर्षं माझ्या पोरांना वाढलंत, आणि माझ्यावर विश्वास नाही," एवढंच तो म्हणाला आणि फोर्कलिफ्टवर चढला.

एकेक पॅलेट खाली आलं. लोरेनने कडेची खोकी काढली, मधली काढली, उघडली. लाल टोपीवाले मग, कागदात गुंडाळलेले. बाराही पॅलेट भरलेली. एक मग कमी नाही.

तिच्या छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. उतरला नाही. आकडा बरोबर होता, पण बारा दिवस तो कुणालाच माहीत नव्हता.

"मगांचं जमलं," हॉली हळूच म्हणाली. "तुझं नाही. या वेळी सही नाही देता येणार मला. डिसेंबरात दुसऱ्या कारखान्यात मोजणी आहे. माझ्याबरोबर यायचं, पहिल्यापासून सगळं पुन्हा."

"म्हणजे मी राहतेय?"

"साहेबांनी माझ्यावर सोडलंय. डिसेंबरपर्यंत राहतेस."

टेरी फोर्कलिफ्ट मागे घेत होता. त्याचे कान लाल झालेले लोरेनला इथूनही दिसत होते. तिला म्हणावंसं वाटलं, की जा, घरी जा, फार झालं. ती पुढे झाली आणि तिने शेजारच्या रॅकवरच्या सर्वांत वरच्या फळीकडे बोट केलं. तिथल्या पॅलेटची ओळ मार्चात तपासायला कुणी निवडलीच नव्हती, यादीत तिच्यापुढे खूण नव्हती.

"टेरी, सॉरी रे," ती म्हणाली. "तेवढं एक खाली घे."