ओटा तसाच राहील

चैतन्य जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात दोन वर्षं वास्तुविशारदाची नोकरी करून झाशीला परतला, तो सामान कमी आणि तत्त्वज्ञान जास्त घेऊन. ओरछा गेटच्या आतल्या गल्लीतल्या घरात पाऊल टाकल्यापासून त्याने आईला, म्हणजे इंदूला, एकच ऐकवायला सुरुवात केली. तिथे म्हणे माणसं जशी जगतात, तशी त्यांची घरं आणि गल्ल्या घडतात. बाकीच्या जगात घरं कशी घडतात, हे विचारायची इंदूला फार इच्छा झाली, पण दोन वर्षांनी आलेला मुलगा म्हणून ती गप्प बसली.

जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा.

"आई, ये देखो. याला पेंडोपो म्हणतात. घर के सामने, चार मोठे खांब, वर छप्पर, भिंत एकपण नाही. पाहुणे, शेजारी, सगळे इथेच बसतात." मग पुढचं चित्र. "आणि ही त्यांची गल्ली. चटई टाकून बसतात. उसको नोंगक्रोंग बोलते हैं."

"म्हणजे करतात काय?"

"कुछ नहीं. मिलके बैठते हैं."

"त्याला शब्द लागतो होय?" इंदू म्हणाली.

तिच्या सासरी त्याला चकाट्या पिटणं म्हणत. गेली तीस वर्षं दुपारी चार ते सहा ती घरापुढच्या ओट्यावर शेजारच्या यमुनाबाई आणि गल्लीतल्या बायकांबरोबर तेच करत होती. मटार सोलायचे, गहू निवडायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. तिचे यजमान जनार्दनराव गेले त्या वर्षी तर त्या दोन तासांसाठीच ती सकाळी उठत होती. पण ओरछा गेटला विमानाने यावं लागत नाही, त्यामुळे त्याची कोणी चित्रं काढली नव्हती.

अखेर चैतन्यने जाहीर केलं, घराचा पुढचा भाग नव्याने बांधायचा. इंदूने एकच अट घातली.

"तुला हवं ते कर. पण ओट्याला हात लावायचा नाही."

"ओटा तसाच राहील," चैतन्य छातीवर हात ठेवून म्हणाला. "प्रॉमिस."

निर्धास्त होऊन इंदू चिरगाँवला धाकट्या बहिणीकडे, शारदाकडे, लग्नाला गेली. शारदाने आग्रह करून महिनाभर ठेवून घेतलं. ती परतली तेव्हा घरासमोर ओटा नव्हता. त्या जागी गाडी आत घ्यायला सिमेंटचा गुळगुळीत उतार होता आणि उताराच्या वरच्या टोकाला लोखंडी दार. गच्चीवर मात्र चार नक्षीदार खांबांवर लाल कौलांचं छप्पर झळकत होतं.

"पेंडोपो!" चैतन्य म्हणाला. "पूरे मोहल्ले के लिए. कोणीही येऊन बसू शकतं."

"दोन जिने चढून?"

"हो."

"आणि हे दार?"

"अंगठा लावला की उघडतं. अभी सिर्फ मेरा अंगूठा डाला है."

"चैतन्य, ओटा कुठाय?"

त्याने मोठ्या अभिमानाने तिला स्वयंपाकघरात नेलं. तिथे तिचा जुना, कोपरा उडालेला, काळ्या दगडाचा ओटा शेगडीसकट जसाच्या तसा उभा होता. "मिस्त्री ग्रेनाइट लावू म्हणत होता. मैंने साफ मना कर दिया. तू सांगितलं होतं ना?"

इंदूने दाराबाहेर बोट दाखवलं. "अरे, बाहेरचा ओटा! बसायचा!"

"बाहर?" चैतन्यचा चेहरा उतरला. "वो तो चबूतरा था. आई, चबूतरा बोलना था ना!"

चूक तिचीच होती म्हणायची. सासूने शिकवलेला शब्द तिने जपून ठेवला, आणि मुलाला मात्र हिंदी शाळेत घातलं. ज्याला जावातलं नुसतं बसणंही नावानिशी कळतं, त्याला आई रोज कुठे बसते एवढं कळावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. इंदूला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. ती रडलीही, त्याच्यासमोरच, पदर तोंडाला न लावता.

चार वाजता यमुनाबाई मटारची पिशवी घेऊन आल्या आणि उताराकडे बघत राहिल्या.

"काए इंदू, अब हम कितै बैठें?"

"इथेच," इंदू म्हणाली, आणि उतारावर सतरंजी पसरली. हळूहळू आणखी तिघी आल्या. पाय रोवून, एकमेकींना धरून त्या बसल्या. दर दोन मिनिटांनी सतरंजी सरकायची आणि मटार घरंगळत गल्लीत जायचे.

दुपारी इलाइट चौराह्यावरच्या आपल्या नव्या ऑफिसात गेलेला चैतन्य साडेपाचला गाडीने परतला. त्याने हॉर्न दिला. कोणी हललं नाही. मागे भाजीची हातगाडी अडली, तिच्यामागे दोन स्कूटर, आणि गल्ली त्याच्या नावाने ओरडू लागली. शेवटी सगळ्यांना मागे सारत त्याने गाडी मागे घेतली, ओरछा गेटाबाहेर लावली आणि चालत आला. वाटेत घरंगळलेले मटार वेचत आला.

"बैठ जाओ लला," यमुनाबाई सरकल्या.

तो बसला आणि बसल्याबसल्या वीतभर खाली घसरला. "आई, ये तो फिसल रहा है."

"हो का? मग जावात कसं बसतात रे?"

तो पाय रोवून मटार सोलू लागला. यमुनाबाई उठायला लागल्या तेव्हा त्यांना दोघींनी धरून उभं करावं लागलं, आणि तरी त्या कळवळल्या. एवढ्या वर्षांत ओट्यावरून त्या कोणाचा हात न धरता उठत आल्या होत्या. चैतन्यने ते पाहिलं.

"तो किती उंच होता गं?" त्याने हळूच विचारलं. त्याच्या एकाही नकाशात ते माप नव्हतं.

"मी कधी मोजला? यमुनाबाईंना टेकता येईल एवढा."

चैतन्यने खिशातून टेप काढली, यमुनाबाईंच्या पायाशी उकिडवा बसला आणि जमिनीपासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं. यमुनाबाई लाजून हसत सुटल्या. वहीत सोळा इंच लिहून तो थांबला, मग इंदूला वही दाखवत म्हणाला, "आई, इथे ओटाच लिहू ना? बसायचा."