ब्युनोस आयर्सची रात्र

जर्मनीतल्या आमच्या श्वेनिंगेनमध्ये तेव्हा घरटी एकजण तरी घड्याळांच्या कारखान्यात असायचा. आता तिथे दुकानं झालीत. आमच्या घरातून माझा नवरा ओयगेन जायचा. साऱ्या जगाची वेळ दाखवणारी टेबलघड्याळं तो जुळवायचा. मधे नेहमीचे काटे, कडेने शहरांची नावं आणि नावांच्या आत चोवीस तासांचे आकडे असलेली गोल पट्टी, निम्मी पांढरी दिवसाची, निम्मी काळी रात्रीची. नावं जागची हलत नसत, पट्टी सावकाश फिरे. शहराच्या नावापाशी जो आकडा येई, तितके तिथे वाजलेले.

आमची एकुलती एक गेरलिंडे लग्न करून ब्युनोस आयर्सला गेली, तेव्हा त्याने असंच एक घड्याळ आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. दुपारी मी ताटात मसूर आणि सॉसेज वाढत असायची आणि हा फळीकडे बघून सांगायचा, "आत्ता उठली असेल. केस विंचरत असेल."

"तुला बरं दिसतं रे इथून!" मी म्हणायची. पण मीही बघायचीच.

पुढे घरात फोन आला. सकाळी लेकीची आठवण येऊन मी फोनकडे वळले, की हा काळ्या पट्टीवर बोट ठेवायचा. "रात्र आहे तिकडे. झोपू दे पोरीला." मग फोन व्हायचा तो दुपारी, जेवणं उरकल्यावर.

बऱ्याच वर्षांनी गेरलिंडे माहेरी आली. चेरीचा केक खाता खाता ओयगेनने कौतुकाने तिला हे सगळं सांगितलं. ती हसली, मग तिने बशी बाजूला सारली.

"पापा, मी इस्पितळात रात्रपाळीला असते. पहिल्यापासून. तुम्ही जिवाला लावून घ्याल म्हणून बोलले नाही. तुमचा फोन यायचा तो नेमका डोळा लागल्यावर."

"अगं, मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"आवाज ऐकायचा असायचा ना तुमचा. झोपेचं काय!" ती म्हणाली. "रात्र मात्र जाता जात नाही. पेशंट झोपलेले, समोर फोन, आणि मी इथलं एकेक आठवत बसते."

ओयगेनने केक तसाच ठेवला. परसात जाऊन अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत राहिला. हिवाळ्याची लाकडं तर कधीच रचून झाली होती.

ती परत गेली. मग एके दिवशी सकाळी उठल्या उठल्या, तोंडही न धुता, त्याने तिच्या इस्पितळात फोन लावला. तिचा घाबरलेला आवाज मला चुलीपाशी ऐकू आला.

"पापा? आईला काही झालं का?"

"कुणाला काही झालेलं नाही. बर्फ पडतंय इथे. म्हटलं, तुला सांगावं."

मग शेजारच्या बेन्झिंगबाईंचं छप्पर, त्यांचं फावडं, त्यांचं मांजर, सगळं झालं. मी बेकरीतून ब्रेत्झेल घेऊन आले तरी दोघांचं चालूच. माझ्या हाती फोन आला, तोवर कॉफी पार गार झाली होती.