अप्पाजींच्या फळ्यावरचे पाच फायदे

मित्रांनो, तमिळ मुलखात, मैलापुरात अप्पाजी मास्तरांच्या ओसरीवर टांगलेला जुना फळा तो मीच. सुताराने फणसाच्या फळ्या सांधून मला घडवलं. दर उन्हाळ्यात अप्पाजींची बायको तुळसी तोंडलीचा पाला आणि कोळसा वाटून माझ्या अंगाला चोळायची, की मी पुन्हा काळा कुळकुळीत. गल्लीतल्या दोन पिढ्या माझ्यासमोर मांडी घालून शिकल्या. त्याचा मला भारी ताठा होता.

अप्पाजी पर्यावरणशास्त्र शिकवायचे. पण त्यांचा खरा हातखंडा प्रश्न वाचायला शिकवण्यात. प्रश्न इंग्रजीत, समजावणं आपल्या तंजावरी मराठीत. "प्रश्न काय करायला सांगतो, तें आधीं बघा," असं ते बजावायचे. डिस्क्राइब म्हटलं तर जे आहे ते नीट सांगा. कंपेअर म्हटलं तर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. इव्हॅल्युएट म्हणजे चांगलं सांगा, वाईट सांगा आणि मग स्वतःचा निवाडा द्या. एरवी पोरं ठाऊक असेल तेवढं सगळं ओतून मोकळी व्हायची. अप्पाजी त्यांना ताळ्यावर आणत.

दोन हजार तीन साली शहर पाण्यावाचून तडफडत होतं. पाण्याची लॉरी आली की प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची. घरोघरी पावसाचं पाणी जमिनीत जिरवायची सक्ती झाली. अप्पाजींनी गच्चीवरून एक नळी अंगणात आणली आणि तिच्या तोंडाशी सिमेंटचं झाकण बसवलं. झाकणाखाली पाणी मुरवणारा खड्डा नव्हताच. अंगणातली जुनी फरशी फोडायला त्यांचं मन धजेना. तपासायला आलेला माणूस झाकण बघूनच गेला.

शिकवणीत हरिणी नावाची एक मुलगी होती, एका कारकुनाची लेक. अकरावीला विज्ञान घ्यायचं तर एका मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा होती आणि तीत पर्यावरणाचा पेपर होता. एका संध्याकाळी सरावाला प्रश्न आला: तुमच्या माहितीतल्या एका घरातली पाऊसपाण्याची सोय इव्हॅल्युएट करा. हरिणीने उभं राहून उत्तर वाचलं.

"नळी चांगली आहे. पण झाकणाखाली खड्डा नाही, चेंडू शोधताना मी उचलून बघितलं. पाणी रस्त्यावर जातं. म्हणून अप्पाजींच्या घरातली ही सोय उपयोगाची नाही."

पोरं खुसुखुसू हसली. चांगलं होतं, वाईट होतं, निवाडाही होता. अप्पाजींचे कान मात्र लाल झाले.

"हें कोणीं विचारलें तुला? पाच फायदे लिही, कण्णा. परीक्षेंतही तेंच लिहायचें." पोरांना ते लाडाने कण्णा म्हणायचे.

"पण अप्पाजी, इव्हॅल्युएट म्हणजे..."

"सांगितलें तेवढें कर."

आणि त्यांनी स्वतः माझ्यावर पाच फायदे लिहिले, नेहमीच्या वळणदार अक्षरात. मित्रांनो, त्या दिवशी मला अंगावरच्या अक्षरांची लाज वाटली. मुलं गेल्यावर तुळसीने एवढंच विचारलं, "पोरीनें खोटें काय लिहिलें?"

परीक्षेहून हरिणी थेट ओसरीवर आली.

"तोच प्रश्न आला होता, अप्पाजी."

"मग?"

"तुम्ही सांगितलेले पाच फायदे लिहिले."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता. त्या शाळेत तिला जागा मिळाली नाही. जवळच्या शाळेत तिने कॉमर्स घेतलं. अप्पाजींनी गवंडी बोलावून फरशी फोडली आणि खड्डा खणवला, पण मान वर करून शिकवणं त्यांना जमेना. शेवटी एके दिवशी त्यांनी हरिणीला बोलावून घेतलं आणि सगळ्या मुलांदेखत म्हणाले, "त्या दिवशीं तूं बरोबर होतीस. मला लाज वाटली म्हणून तुला गप्प केलें. आतां तुला वाटेल तें उत्तर लिही." असं म्हणून त्यांनी तिच्या हाती खडू दिला.

मित्रांनो, प्रश्न काय करायला सांगतो ते नीट वाचा आणि तेच करा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. एखाद्या लेकराचं खरं उत्तर तुमच्याच अंगणात शिरलं, तर लाजेपोटी त्याला गप्प करू नका. मी ते पाहिलेलं आहे. हरिणीने हातातला खडू उचलला, माझ्यापासून बोटभर अंतरावर आणला आणि तिथेच थांबली. मग मागे वळून ती अप्पाजींचा चेहरा बघत राहिली, त्यांना काय लिहिलेलं हवंय ते कळावं म्हणून.